पहिला घाणा

माझी मुलगी फोनवर सगळ्यांना सांगते, "आईने प्रेसिडेंटला मारलं." मग ती इतकी हसते की पुढचं सांगायचं राहूनच जातं, आणि ऐकणारे भेटले की माझ्याकडे वेगळ्या नजरेने बघतात. परवा तर देवळात एका बाईंनी मला वाट करून दिली. म्हणून जे झालं ते मी लिहून ठेवते आहे. मी मारलं नाही, हातावर चापट दिली. आणि ते प्रेसिडेंट म्हणजे ओकिनावाच्या लोकांच्या जत्रेच्या कमिटीचे अध्यक्ष.

हे सगळं शेजारच्या बाईंमुळे झालं.

मुलीकडे सांता क्लाराला येऊन मला आता तीन वर्षं होतील. गावी एसटी स्टँडसमोर आमचं छोटं हॉटेल होतं. चहा, मिसळ आणि भजी. बावीस वर्षं मी भजी तळली, पण गिऱ्हाइकाचं तोंड पाहिलं नाही. हे पुढे बाकड्यांपाशी उभे राहून सगळ्यांशी बोलायचे, आणि मी मागे गोणपाटाच्या पडद्याआड कढईपाशी. पडद्यापलीकडून कोणी ओरडायचं, "वहिनी, आज भजी फस्क्लास!" आणि मी कढईकडे बघून लाजायचे. मला चार माणसांसमोर उभं राहता येत नाही. माझी शाळा चौथीपर्यंत. चौथीत गुरुजींनी कविता म्हणायला उभं केलं, तर मी उभी राहिले ती तास संपेपर्यंत उभीच राहिले. कविता मला येत होती.

याहून मोठा दोष म्हणजे मला नाही म्हणता येत नाही. कोणी काही विचारलं की मी गप्प बसते, आणि जग त्याला होकार समजतं. माझं लग्नसुद्धा असंच ठरलं. ते चांगलं निघालं हा भाग वेगळा.

तर बाई. आमच्या शेजारच्या घरात त्या एकट्या राहतात. वय ऐंशीच्या घरात, उंची माझ्या खांद्याइतकी. त्यांच्या फाटकाच्या खांबावर दात विचकलेला एक मातीचा सिंह बसवलेला आहे, आणि पुढच्या अंगणात मांडवावर कारल्याचा वेल आहे. अमेरिकेत आल्यावर पहिल्या आठवड्यात मी तो वेल पाहिला आणि कुंपणापाशी खिळूनच राहिले. त्यांची कारली आपल्यापेक्षा जाड, फोड मोठे आणि गुळगुळीत, पण कारलं ते कारलंच. बाईंनी मला पाहिलं, दोन कारली तोडली आणि काही न बोलता हातात दिली. दुसऱ्या दिवशी मी चिंच-गूळ आणि दाण्याचं कूट घालून भाजी केली आणि स्टीलच्या डब्यातून नेऊन दिली. चार दिवसांनी डबा परत आला, तो भरलेला. त्यात त्यांच्या पद्धतीची कारल्याची भाजी होती, पांढऱ्या टोफूचे तुकडे आणि अंडं घालून परतलेली. तेव्हापासून तो डबा कधी रिकामा कुंपण ओलांडत नाही.

बाई ओकिनावाच्या. मुलीने नकाशात दाखवलं, जपानच्या खाली समुद्रात ती बेटं आहेत. तिने बोट ठेवलं की सगळी झाकली जातात. मला इंग्रजी ऐकून निम्मं कळतं, बोलता शून्य येतं. बाई बोलतात तेही मोजकंच. मुलीच्या मैत्रिणी मला काकू म्हणतात ते ऐकून त्या मला 'काकूसान' म्हणायला लागल्या. या अडीच-तीन वर्षांत आमच्यात एकूण तीसेक शब्द झाले असतील, पण डबे शंभर झाले.

या जुलैमध्ये वरचं कारलं काढताना बाई स्टुलावरून पडल्या आणि उजवं मनगट मोडलं. मी रोज वरणभात नेऊन द्यायला लागले. एक दिवस त्यांनी मला खुर्चीवर बसवलं आणि खूप वेळ काहीतरी सांगितलं. मला 'फेस्टिव्हल' कळलं. मग त्यांनी डाव्या हाताची मूठ वळली, अंगठ्याशी दाबली, आणि तोंडाने 'टुप्प' असा आवाज काढला. मग माझ्या हाताकडे बोट केलं.

ते मला पूर्ण कळलं. बावीस वर्षं ज्या हाताने कढईत पीठ सोडलं त्याला 'टुप्प' समजावून सांगावं लागत नाही. कळलं नाही ते एवढंच की नाही कसं म्हणायचं. मी गप्प बसले. बाईंनी प्लास्टरचा हात छातीशी धरून मला वाकून नमस्कार केला, आणि मी घाबरून घरी आले.

संध्याकाळी मुलीने त्यांना फोन करून सगळं समजून घेतलं आणि फोन ठेवल्यावर माझ्याकडे बघत राहिली.

"आई, तू हो म्हणालीस?"

"मी काही म्हणाले नाही."

"म्हणजे हो. आई, तुला कळलंय का तू काय ॲक्सेप्ट केलंयस? शनिवारी स्टॉलवर उभं राहून तळायचं. पब्लिकसमोर."

"पडदा असेल ना काहीतरी?"

"पडदा कसला? लोक बघायलाच येतात!"

मग तिने सांगितलं ते असं. जत्रेत बाईंचा एक पदार्थ असतो, अंदागी. मैदा, साखर, अंडी यांचं घट्ट पीठ करून तळलेले गोळे, आपल्या गुलगुल्यांची चुलत बहीण म्हणायला हरकत नाही. ते पीठ हाताने तेलात सोडायचं असतं. कितीतरी वर्षं ते काम बाईंचं. बाकीच्या हाताने सोडणाऱ्या बायका एकेक करून गेल्या, कोणी देवाघरी तर कोणी ॲरिझोनाला. आता फक्त बाई राहिल्या होत्या, आणि त्यांचा हात प्लास्टरमध्ये. अध्यक्षांनी यावर उपाय काढला होता. आइस्क्रीम काढायचा चमचा असतो ना, खटका दाबला की गोळा पडतो तो स्कूप, त्याने पीठ सोडायचं. सगळे गोळे एकसारखे, काम कोणालाही जमेल, हात भाजायची भीती नाही.

"मग बरंच आहे की," मी म्हटलं. मला सुटका दिसत होती.

"बाई म्हणाल्या, एकदा स्कूप आला की तो परत जाणार नाही. हाताची अंदागी संपली. त्यांनी अध्यक्षांना सांगितलंय, माझ्याकडे माणूस आहे, यंदा हातानेच होईल. नाही जमलं तर पुढच्या वर्षीपासून स्कूप." मुलगी थांबली. "तो माणूस म्हणजे तू. कॅन्सल करू का? मी सांगते, आईला बरं नाही."

मी पुन्हा काही म्हणाले नाही. मुलीने कपाळावर हात मारला.

तीन दिवस दुपारी बाईंच्या स्वयंपाकघरात माझी शाळा भरली. मला वाटलं होतं, पीठ ते पीठ, तेल ते तेल. पहिल्याच गोळ्याला शेपूट आलं. दुसऱ्याला दोन आली. आपल्याकडे भज्याला शेपूट आलं की कुरकुरीत लागतं. आमच्या हॉटेलात शेपटांसाठी माणसं भांडायची, एकाने तर शेपटांचीच प्लेट मागितली होती. बाईंना शेपूट म्हणजे गुन्हा वाटायचा. शेपूट दिसलं की त्या डाव्या हातातली लांब काडी माझ्या मनगटावर टक्क वाजवायच्या. पीठ तळहातात घ्यायचं, मूठ उपडी करायची, अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट यांच्यामधून गोळा बाहेर काढायचा आणि तिथेच तोडायचा. तो तेलात तळाशी जातो, वर येतो, स्वतःच कूस बदलतो. आणि मग, सगळं नीट झालं असेल तर, एका बाजूने उकलतो. उकलला की बाई म्हणतात, "स्माइल!" म्हणजे अंदागी हसली.

माझी एकही हसेना. पहिल्या दिवशी सगळ्या रुसल्या, दुसऱ्या दिवशी वरून काळ्या आणि आतून कच्च्या. चूक तेलात होती. मला स्टँडवरच्या गर्दीची सवय, गाडी सुटायच्या आत गिऱ्हाइकाच्या हातात भजं गेलं पाहिजे, म्हणून तेल कायम कडकडीत. अंदागीला कुठली गाडी पकडायची नसते. तिला मंद तेल लागतं. तिसऱ्या दिवशी मी आच कमी केली, हात आखडला नाही, आणि एक गोळा वर येऊन वळला आणि फाटला. बाईंनी वाकून पाहिलं. "स्माइल," त्या म्हणाल्या, पण इतक्या हळू, जसं झोपलेल्या बाळाजवळ बोलतात.

शनिवारी सकाळी मुलीने आणि जावयांनी मला गाडीत घातलं. जत्रा एका मोठ्या हॉलच्या पार्किंगमध्ये होती. पांढरे तंबू, कंदील, आणि मोठमोठे ढोल कमरेला बांधून नाचणारी पोरंपोरी. ढोल ऐकून जावई गाडीतच खांदे हलवायला लागले. ते मिरवणुकीत कसे नाचतात ते मला माहीत आहे, म्हणून मी मुलीला म्हटलं, "यांना आधी खायला दे."

आमचं काम अकराला सुरू व्हायचं होतं, म्हणून थोडं फिरलो. एका तंबूत एक बाई कापडावर कागदाचा कातरलेला नमुना ठेवून आखूड ब्रशने रंग भरत होती. पिवळं, लाल, मोरपंखी. जास्वंद, मासे, लाटा सगळं एकाच कापडावर, आणि तरी भडक वाटत नव्हतं. शेजारी केळीच्या सोपटाच्या धाग्याचं कापड होतं, हवेसारखं हलकं. गावी आम्ही सोपट गुरांपुढे टाकायचो. मला त्या गुरांचा हेवा वाटावा का आमची कीव यावी ते कळेना. पुढे एक आजोबा तीन तारांचं वाद्य वाजवत होते. फार गोड आवाज. मी अगदी जवळ गेले तर भोपळ्यावर खवले दिसले. मुलीने विचारून सांगितलं, "आई, अजगराचं कातडं आहे." मी दोन पावलं मागे सरकले. अजगर मेलेला होता हे मान्य, पण गात होता ना.

जावई श्रावण पाळतात. म्हणजे घरात पाळतात. सूपच्या तंबूपाशी त्यांनी चौकशी केली आणि तिथल्या बाईंनी आपले गुडघे थोपटून दाखवले.

"आई, डुकराच्या पायांचं सूप आहे," जावई गंभीर होऊन म्हणाले. "गुडघ्यांना फार चांगलं असतं."

"तुमचे गुडघे दुखतात?"

"दुखू नयेत म्हणून."

"श्रावण चालू आहे," मुलगी म्हणाली.

"औषधाला श्रावण नसतो," ते म्हणाले, आणि औषधाचे दोन वाडगे घेतले.

आमच्या स्टॉलवर आले आणि जागीच थांबले. दोन मोठ्या कढया रस्त्याच्या कडेला, अगदी पुढे मांडलेल्या. लोकांना तळणं दिसावं म्हणून मुद्दामच. समोर दोरी, आणि दोरीपलीकडे आधीच रांग. मी सवयीने मागे पडदा शोधला. मागे नुसती भिंत होती. बाई निळ्या सुती कोटात स्टुलावर बसल्या होत्या, प्लास्टरवर त्यांनी त्याच कोटाचं उरलेलं कापड गुंडाळलं होतं. त्यांच्या शेजारी अध्यक्ष उभे. उंच, सत्तरीचे, टोपी घातलेले, चेहऱ्याने सज्जन. त्यांच्या एप्रनच्या खिशातून चकचकीत स्कूप डोकावत होता. ते मला वाकून काहीतरी छान बोलले. मी पदर डोक्यावर घेतला.

मी कोणाकडे न बघता पीठ घेतलं आणि सोडायला लागले. पहिला घाणा बरा झाला. बारा गोळ्यांतले आठ हसले. झाऱ्याने काढून ताटात ठेवले, आणि त्याच वेळी डावीकडून एक हात आला आणि ताटातला गोळा उचलायला लागला.

आता हे नीट समजून घ्यायला हवं. आमच्या घरी, आमच्या हॉटेलात, पहिला घाणा देवाचा. त्यातलं एक नैवेद्याला काढल्याशिवाय कोणी हात लावत नाही. मुलगी लहान असताना तिने लावलेला हात माझ्या हाताने किती वेळा परतवला असेल याला गणती नाही. तो माझा हात माझं ऐकत नाही. तो आपोआप उठला आणि सट्‌दिशी आवाज झाला.

अध्यक्षांनी हात मागे घेतला. रांगेतले लोक गप्प झाले. मला वाटतं ढोलसुद्धा तेवढ्यात थांबले, पण मुलगी म्हणते ते आधीच थांबले होते. अध्यक्ष आपल्या हाताच्या मागच्या बाजूकडे असे बघत होते, जणू साठ वर्षांनी जुनं ओळखीचं कोणी भेटलंय.

"आई!" मुलगी दोरीपलीकडून किंचाळली. "आई, ही इज द प्रेसिडेंट!"

त्या क्षणी मला जमिनीत जायचं होतं, पण जमीन डांबराची होती. हात मात्र सुरू केलेलं काम पुरं करत होते. मी कागदी बशीत एक हसरी अंदागी घेतली आणि देव शोधला. शेजारच्या टेबलावर एक कुंभार मातीचे सिंह मांडून बसले होते, बाईंच्या फाटकावर आहे तसेच, जोडीजोडीने. एकाचं तोंड उघडं, एकाचं मिटलेलं. घराच्या राखणीला बसतात म्हणजे देवच की. मी सगळ्यात मोठ्या जोडीपुढे बशी ठेवली, बाटलीतलं पाणी हातावर घेऊन भोवती फिरवलं, डोळे मिटले, आणि मनात म्हटलं, या बाईंच्या हाताची लाज राख, आणि माझी जमली तर. मग आठवलं, पिठात अंडी आहेत. डोळे उघडून सिंहांकडे बघितलं. दातांवरून तरी ते शाकाहारी वाटत नव्हते.

मी वळले तेवढ्यात कुंभारदादांनी अंदागी उचलली आणि दोन घासांत खाल्ली. त्यांना वाटलं मी त्यांच्यासाठीच आणून ठेवली. तोंडभर हसून त्यांनी अंगठा वर केला. म्हटलं, देवाने खाल्ली काय आणि देव घडवणाऱ्याने काय, पोचली.

बाई मात्र स्टुलावर इतक्या हसत होत्या की त्यांना प्लास्टरचा हात दुसऱ्या हाताने सांभाळावा लागला. त्या अध्यक्षांना त्यांच्या भाषेत काहीतरी म्हणाल्या. अध्यक्षांनी टोपी काढून माझ्याकडे बघत मान लववली. त्यामुळे मला जास्तच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आणि मग माझा हात बिघडला. एवढे लोक बघत होते, प्रत्येकाच्या हातात मोबाइल, प्रत्येक मोबाइल माझ्या मुठीवर. घाई सुटली. नकळत आच वाढवली, स्टँडवरची गाडी सुटायची वेळ झाल्यासारखी. दुसऱ्या घाण्यात एकही हसली नाही. तिसऱ्याला सगळ्यांना शेपटं. मी एक फोडून पाहिली, आत पीठ.

अध्यक्षांनी ते पाहिलं. खिशातून स्कूप काढला आणि दुसऱ्या कढईवर उभे राहिले. खट्, टुप्प. खट्, टुप्प. गोळे गोल, एका मापाचे, आणि चांगले हसतही होते, खोटं कशाला लिहू.

इथे मी जे केलं ते मुलगी कोणाला सांगत नाही, कारण तिला ते माहीतच नाही. मी सुटका बघितली. मला वाटलं, बरं झालं, आता लोक तिकडे जातील. मी रांगेला हाताने खुणावायला लागले, तिकडे जा, तिकडे. रांगेतल्या पहिल्या बाईने मला हात हलवून दाखवला. मी आणखी जोरात खुणावलं. मग मागच्या चारजणांनी हात हलवले. एका म्हाताऱ्या माणसाने तर दोन्ही हलवले. मी जितकी त्यांना घालवत होते तितके ते मला टाटा करत होते, आणि अध्यक्षांपुढे कोणीच जात नव्हतं. त्यांची अंदागी ताटात थंड होत होती. लोकांना खायला घाई नव्हती, त्यांना मूठ बघायची होती.

तेवढ्यात मी बाईंकडे पाहिलं. त्या आता हसत नव्हत्या. मी रांगेला कुठे पाठवते आहे हे सगळ्या गर्दीत फक्त त्यांना कळलं होतं. डबा रिकामा परत करायची ही माझी पहिलीच वेळ, असं मला वाटलं. मी हात खाली घेतला.

बाई स्टुलावरून उतरल्या. मला वाटलं आता काडी बसणार. त्यांनी आधी माझ्या कढईची आच कमी केली. मग त्यांनी स्टूल उचललं, एका हाताने, कोणाला मदत करू न देता, आणि माझ्या कढईच्या पुढे, दोरीपाशी आणून ठेवलं. त्यावर चढून उभ्या राहिल्या. मागच्या महिन्यात स्टुलावरून पडलेली बाई. मुलगी ओरडली, अध्यक्ष धावले, पण बाईंनी दोघांनाही थांबवलं, निळ्या कोटाच्या रुंद बाह्या पसरल्या, प्लास्टरचा हात झेंड्यासारखा वर धरला, आणि रांगेशी बोलायला लागल्या.

माझ्यापुढे निळा पडदा झाला.

लोक मला दिसत नव्हते आणि त्या काय बोलत होत्या ते कळतही नव्हतं. मुलीने नंतर सांगितलं, त्या प्रत्येकाला विचारत होत्या कुठून आलात, किती भूक लागलीय, थांबता येत नसेल तर खुशाल आइस्क्रीम खा. लोक हसत होते. मी फक्त तेल बघत होते. पडद्यापलीकडून एका माणसाचा हसण्याचा आवाज येत होता आणि अलीकडे मी, कढई आणि पीठ. ही जागा मला ठाऊक होती. तिथे बावीस वर्षं माझं काही चुकलं नव्हतं. मूठ उपडी झाली, गोळा सुटला, तळाशी गेला, वर आला, वळला. मी वाट बघितली. मग तो फुटला. त्याच्यामागे दुसरा. पुढच्या घाण्यात बाराच्या बारा हसल्या आणि मी पडद्याला ऐकू जाईल एवढ्याने म्हटलं, "स्माइल." माझं जाहीर भाषण एवढंच.

बाईंनी मागे न बघता, कोटाच्या आडून, डाव्या हाताचं बोट माझ्या खांद्याला लावलं आणि पुढे बोलत राहिल्या.

तीन वाजेपर्यंत पीठ संपलं. मधे कधीतरी खट्‌ खट्‌ बंद झालेली मला कळलीच नाही. नंतर पाहिलं तर अध्यक्षांचा स्कूप दोन तंबू पलीकडे होता. तिथे जांभळ्या रताळ्याचं आइस्क्रीम विकत होते आणि त्यांचा चमचा मोडला होता. स्कूप बिचारा अखेर आपल्या कामाला लागला.

शेवटी सगळ्यांनी मिळून नाचायचं असतं, हात डोक्यावर आणि मनगटं डोलवत. जावयांना कोणी बोलवावं लागलं नाही. औषध गुडघ्यांना लागलेलं दिसत होतं. मी तेलाचं भांडं सांभाळत मागेच राहिले, बाईही हातामुळे राहिल्या. तिथे अध्यक्ष आले. ताटात शेवटच्या दोन अंदागी होत्या. त्यांनी एकीकडे हात नेला, मधेच थांबवला, आणि माझ्याकडे बघितलं.

मुलगी म्हणाली, "आई, ते विचारतायत घेऊ का. नाहीतर आधी लायनला दाखवायचीय का."

मला इतकं हसू आलं की मी ताटच पुढे केलं. त्यांनी अंदागी खाल्ली, हात पुसला, मग तोच हात उपडा करून मूठ वळून दाखवली. अंगठा चुकीच्या जागी होता. ते बाईंना काहीतरी विचारत होते, आणि मुलगी मला कुजबुजली, "पुढच्या वर्षीसाठी शिकवा म्हणतायत. हाताने." बाईंनी त्यांच्या मुठीकडे पाहिलं, काडी शोधली आणि मनगटावर टक्क वाजवली. म्हणजे त्यांना त्या दिवशी दोनदा मार मिळाला, आणि पहिलाच फक्त फोनवर सांगितला जातो.

सप्टेंबरात बाईंचं प्लास्टर निघालं. मी डबा घेऊन गेले तर त्या स्वयंपाकघरात, उजव्या हाताने सोडत होत्या. हात अजून थरथरत होता, पहिल्या गोळ्याला बारीक शेपूट आलं. आम्ही दोघींनी ते पाहिलं. त्यांनी एक बरी अंदागी बशीत काढली, मला बाहेर चला म्हणून खुणावलं, आणि फाटकाच्या सिंहापुढे बशी ठेवली. मग पेल्यातलं पाणी ओंजळीत घेतलं आणि माझ्याकडे बघत बशीभोवती फिरवलं, बरोबर आहे का असं विचारत.

उलट्या बाजूने फिरवलं होतं. मी काही बोलले नाही. आणि मी काही बोलले नाही की त्याचा अर्थ काय घ्यायचा, हे बाईंना आता चांगलं माहीत आहे.